विरंगुळा कट्टा की घरभेटीचा गट?

सोसायटीतल्या एकट्या पडलेल्या ज्येष्ठांसाठी यातलं काय सुरू करावं, असं एका काकूंनी विचारलं. पैसा थोडा, माणसं मोजकी.

खर्चात घरभेट स्वस्त: रिक्षाभाडं नि फोन. कट्ट्याला जागा, खुर्च्या, चहा लागतो.

पोहोच हा खरा मुद्दा. कट्ट्यावर तोच येतो ज्याला जिना उतरता येतो. अंथरुणाला खिळलेली आजी आणि तिची शुश्रूषा करणारी सून, दोघी घरातच राहतात. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०००च्या आसपास उभं राहिलेलं उपशामक सेवेचं (दीर्घ किंवा गंभीर आजारात वेदना नि त्रास कमी करणाऱ्या सेवेचं) जाळं म्हणूनच घरोघरी जातं. शेजारपाजारचे प्रशिक्षित स्वयंसेवक रुग्णाबरोबर कुटुंबाचीही विचारपूस करतात.

कष्ट मात्र घरभेटीत जास्त. ठरलेला वार चुकला की वाट पाहणाऱ्याचा हिरमोड होतो. कट्ट्यावर एखादा आला नाही तरी चालतं. पण अनेक पुरुषांना नुसत्या गप्पांपेक्षा हाताला काम बरं वाटतं. ऑस्ट्रेलियातल्या 'मेन्स शेड', म्हणजे पुरुषांनी एकत्र जमून सुतारकाम, दुरुस्ती करण्याच्या जागा, त्यावरच उभ्या राहिल्या. तेव्हा कट्ट्यावरचे कार्यक्रम सोसायटीच्या समितीने नव्हे, येणाऱ्यांनीच ठरवावेत.

मुलांकडे नव्याने राहायला आलेले, चालते-फिरते आईवडील असतील तर कट्टा. दीर्घ आजारपण असेल तर घरभेट, अगदी दोघांनी सुरू केली तरी. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत मी आधी घरभेटच निवडेन.