आधी इंजिन की आधी पत्रा? बंद पडलेली जुनी गाडी काढणाऱ्यांसाठी

दसरा झाला की आठवडाभरात मला दोन-तीन फोन ठरलेले. कोल्हापुरात दसरा चौकात छत्रपती घराण्याची ती जुनी मेबॅक मोटार येताना बघून घरी गेलेला माणूस गोठ्यामागं उभ्या आजोबांच्या गाडीवरची ताडपत्री उचलतो आणि विचारतो, भावा, सुरुवात कुठनं करू, आधी इंजिन खोलू की आधी पत्र्याचं काम काढू. मी दोन्ही करून बसलोय, एका गाडीला पत्रा आधी आणि दुसरीला इंजिन आधी. त्यामुळं खाली जे आहे ते दोनच गाड्यांच्या जिवावर आहे, तुमच्या गाडीला वेगळं निघू शकतं हे धरूनच वाचा.

पहिली काकांची पद्मिनी, १९८४ ची, स्टेअरिंगवर गिअरवाली. कळंब्याला घरामागं चौदा वर्षं उभी होती. तिला पत्रा आधी घेतला, आणि तेव्हा त्यामागं विचार होता, नाही असं नाही. पद्मिनी काय आणि अॅम्बेसेडर काय, जीपसारखी वेगळी चेसी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नसते, खालचा पत्रा आणि दाराखालच्या सिल हाच गाडीचा सांगाडा, तो कुजलेला असेल तर वर कितीही भारी इंजिन बसवून काय उपयोग. शिवाय वेल्डिंग करायचं म्हणजे बॅटरी सोडा, वायरिंग बाजूला घ्या, टाकी उतरवा, सीट काढा, मग हे सगळं एकदाच मोकळं असताना उरकलेलं बरं. कागदावर एकदम बरोबर. आजही कोणी असं म्हणालं तर मी वाद घालत नाही.

पण बंद गाडी ढकलायला लागते त्याचं काय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

बंद गाडी टिंकरच्या, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याच्या, शेडमध्ये गेली की ती गाडी राहत नाही, अडगळ होते. त्याच्याकडं रोज अॅक्सिडेंटच्या गाड्या येणार, त्यांचे पैसे लगेच मिळणार, आपली सरकत सरकत शेवटच्या कोपऱ्यात आणि तिथनं शेडच्या बाहेर. मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटलेले, त्यामुळं चार माणसं लागायची, एक आत स्टेअरिंगला. दर पंधरा दिवसांनी फोन, दादा जरा गाडी पुढं घ्यायला या. मी ऑफिसातनं सुटून जायचो, शेजारच्या चहाच्या गाड्यावरची दोन पोरं बोलवायची, त्यांना चहा-भजी, ढकलायची पंधरा फूट, आणि पुढच्या पंधरवड्याला परत मागं. एकदा तर एका पोरानं मागच्या मडगार्डवर अंगठे रोवून असा जोर लावला की आदल्या दिवशी भरलेली लांबी, म्हणजे पत्र्यावरची पुट्टी, चार बोटं आत गेली. टिंकर माझ्याकडं बघतोय, मी पोराकडं, पोरगं चहाकडं.

त्यात एक अख्खा पावसाळा ती प्रायमरवर उभी राहिली. प्रायमर पाणी पितो, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण आठवड्यात टॉपकोट मारतो म्हणालेला माणूस गणपतीपर्यंत सापडला नाही. रंगाखाली परत गंजाचे फोड. मग सगळं घासून पहिल्यापासनं. आणि शेवटी रंग झाला, झकास झाला, खोटं कशाला बोलू, तेव्हा मेकॅनिकनं ब्रेकचं काम काढलं आणि ब्रेक ऑईलची बाटली मडगार्डवर ठेवली. ब्रेक ऑईल रंग खातं. बाटलीच्या बुडाएवढं गोल वर्तुळ अजून आहे, बघायला या.

दुसरी दाजींची अॅम्बेसेडर, १९७३ ची मार्क टू. ह्यावेळी मी सांगितलं, दाजी, गाडी आपल्या पायानं टिंकरकडं गेली पाहिजे, बास. रंगाचं नाव काढायचं नाही.

इंजिन जाम होतं. प्लग काढून चारी भोकांत डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) निम्मं निम्मं ओतलं आणि आठ दिवस तिकडं बघितलं नाही. नवव्या दिवशी इंजिन हातानं फिरवायचं हँडल घालून जोर न लावता नुसतं पुढं-मागं, पुढं-मागं. दाजींना दम निघत नव्हता, उभं राहून पाय देतो म्हणत होते, मी हँडल लपवून ठेवलं. अकराव्या दिवशी एक बोट हललं आणि मग सगळंच फिरलं. इथं सगळ्यांची चूक होते ती म्हणजे लगेच बॅटरी लावून सेल्फ मारायचा. टाकीत दहा वर्षांचं पेट्रोल म्हणजे खाली वॉर्निशसारखा चिकट थर आणि गंज, तो सगळा कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, पेट्रोलच्या बारीक भोकांत, जाऊन बसतो. आम्ही टाकी उतरवली आणि इंजिन पहिल्यांदा पाच लिटरच्या कॅनवर चालवलं. रबराच्या सगळ्या नळ्या आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) नवा घातला, कारण आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे आणि जुनं रबर त्याला टिकत नाही. आपल्याच जिल्ह्याच्या उसाचं इथेनॉल आपल्याच गाडीचं रबर खातंय, तक्रार कुणाकडं करणार.

ब्रेकला मात्र वेळ गेला. चारही चाकांचे ब्रेकचे सिलिंडर जाम झालेले, ब्रेक पेडलच्या मास्टर सिलिंडरला आतनं खड्डे. उद्यमनगरात एका लेथवाल्या काकांनी बोअर करून आत स्लीव्ह, म्हणजे नवी नळी, घालून दिली, दुपारी दिली आणि संध्याकाळी तयार, ह्या बाबतीत आपलं गाव खरंच जगात भारी आहे. ट्रिमच्या पट्ट्या, काचांची बीडिंग असल्या गोष्टींना मुंबईला चोर बाजारात हेलपाटे घालावेच लागतात, ते दोन्ही पद्धतीत सारखंच, त्यामुळं धरत नाही.

मग ती गाडी स्वतः टिंकरकडं गेली. आणि फरक तिथं कळला. जागा पाहिजे असली की त्याचा पोरगाच चावी मारून बाजूला घेतो, मला फोन नाही. गणपतीची गर्दी आली, आम्ही गाडी सरळ घरी आणली, महिन्यानं परत नेऊन लावली. चालती गाडी कोपऱ्यात जात नाही.

तोटे आहेत. वेल्डिंगच्या वेळी नवीन घातलेलं निम्मं वायरिंग परत सोडावं लागलं, त्याची मजुरी दोनदा गेली. आणि गाडी चालायला लागली की माणूस ढिला पडतो. दाजींची अजून तीन रंगांची आहे, एक मडगार्ड रेड ऑक्साईडच्या लाल प्रायमरवर, आणि दर रविवारी आम्ही तिच्यातनंच पन्हाळ्याला जातो. पन्नास वर्षं उलटली म्हणून २०२१ च्या नियमानं व्हीए, म्हणजे व्हिंटेज गाडीचा, नंबर घेता येईल, वीस हजार फी आहे, पण मग ती रोजच्यासारखी रस्त्यावर फिरवता येत नाही, म्हणून दाजी अजून टाळतायत. कुणाच्या अॅम्बेसेडरला मधल्या काळात मॅटाडोर टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर हा नाद सोडा, त्या नियमात गाडी मूळ रूपात लागते.

पत्रा आधीच घ्यावा अशी एक वेळ मात्र आहे, आणि ती आपल्याकडं बऱ्याच जणांवर आलीये. २०१९ नाहीतर २०२१ च्या पुरात बुडालेली गाडी असेल तर सिलच्या आत गाळ बसलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं ओल धरून आतनं खातो, बाहेरनं रंग शाबूत दिसतो. पुढचं दार उघडं ठेवा, त्या बाजूला जॅक लावून गाडी जरा उचला आणि मग दार लावून बघा. पहिल्यासारखं लागलं तर माझ्या मते इंजिन आधी, प्लग काढा आणि डिझेल ओता. अडलं, किंवा जॅकच पत्र्यात घुसला, तर आधी वेल्डिंगवाला बघा. आणि टिंकरकडं ढकलत नेणार असाल तर निदान चारही चाकं हातानं मोकळी फिरतील एवढं तरी करून न्या, चहा-भजीचा खर्च मी कधी लिहून ठेवला नाही ते बरंच झालं.