एईएस-२५६ सुरू ठेवून पी२५ वॉकीटॉकी: काही महिन्यांच्या वापरानंतर

पी२५ हे पोलीस, अग्निशमन दल वगैरेंसाठीचं डिजिटल रेडिओ मानक, आणि एईएस-२५६ ही बोलणं गुप्त (एन्क्रिप्ट) करण्याची पद्धत. या सेटच्या बॅटरी, वजन, आवाज यांवर पुष्कळांनी लिहिलंय. इथे फक्त एन्क्रिप्शन सुरू असताना कमजोर सिग्नलवर सेट कसा वागतो, तेवढंच.

बटण दाबल्या दाबल्या बोललात तर पहिला शब्द गेलाच समजा. दर वेळी सेट आवाजाआधी हेडर, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, पाठवतो. त्यात ७२ बिटांचा मेसेज इंडिकेटर (उलगडणं कुठून सुरू करायचं ते सांगणारा आकडा), अल्गोरिदमचा कोड (एईएससाठी हेक्स ८४) आणि १६ बिटांचा की आयडी (कुठली की, म्हणजे गुप्त किल्ली, वापरली त्याचा क्रमांक) असतो. हे हेडर खरखरीत हरवलं तरी साध्या मोडमध्ये आवाज लगेच लागतो, एन्क्रिप्टेडमध्ये मात्र समोरचा सेट गप्प बसतो. हीच माहिती एलडीयू-२ मध्ये (बोलणं चालू असताना आवाजासोबत येणाऱ्या एका पॅकेटमध्ये) दर ३६० मिलिसेकंदांनी परत येते, तेव्हा कुठे गाडी रुळावर. तीही हुकली तर आणखी ३६०. म्हणून बटण दाबून अर्धा-पाऊण सेकंद थांबा, मग बोला. स्कॅन सुरू असेल तर हेडर बहुतेक वेळा हुकतंच. स्कॅन लिस्ट छोटी ठेवा.

एकदा सिंक (दोन्ही सेटच्या एन्क्रिप्शनचा मेळ) लागला की मात्र सहसा सुटत नाही. पुढचा इंडिकेटर आधीच्यावरूनच ठरतो, त्यामुळे एखादा खराब आला तरी चांगला सेट तो स्वतः काढून घेतो. शिवाय आवाजाच्या दर २० मिलिसेकंदांच्या फ्रेममधले ८८ बिट आधी एन्क्रिप्ट होतात, एरर करेक्शन (चुका सुधारण्यासाठीचे जादा बिट) नंतर चढून १४४ होतात. म्हणजे चुका आधी दुरुस्त होतात, आणि ओएफबी मोड (प्रत्येक बिट स्वतंत्रपणे झाकण्याची एईएसची रीत) असल्याने उरलेला चुकीचा बिट तेवढाच बिघडतो, पसरत नाही. ‘एन्क्रिप्शनने रेंज घटते’ ही तक्रार म्हणूनच मला फारशी पटत नाही. बिट एरर ५ टक्क्यांच्या वर गेले की साधा आवाजही चिरकायला लागतो.

खरा घोळ कीचा. आयडी जुळला नाही तर सेट मुका राहतो. आयडी तोच पण आतली की वेगळी असेल, तर सिंक व्यवस्थित लागतो आणि स्पीकरमधून नुसता कचरा येतो. लोक मग अँटेना बदलत बसतात. दोन्ही सेट दहा-पंधरा मीटरवर ठेवून बोलून पाहा. तरीही कचरा आला तर अँटेनाला हात लावू नका, दोन्हीकडे की नव्याने लोड करा.

एन्क्रिप्शनचा स्विच मात्र वाईट जागी आहे. हातमोज्याने सहज फिरतो, आणि साधं बोलणंही समोर बिनबोभाट ऐकू जातं, त्यामुळे कोणाच्या लक्षातच येत नाही. प्रोग्रामिंगमध्ये चॅनेल ‘फक्त एन्क्रिप्टेड’ वर बांधून टाका.