स्टेलॅरियम : शाळेत वर्षभर वापरून झाल्यावर

सातारा जिल्ह्यात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. गेल्या जूनपासून वर्गात स्टेलॅरियम वापरतोय, स्क्रीनवर आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर, लॅपटॉपवर चालतं ते फुकटवालं. मोबाईलचं वेगळं आहे, त्यात 'प्लस' आवृत्तीला पैसे पडतात, त्याबद्दल इथे काही नाही.

आधी हे सांगतो की मी एवढा याच्या मागे का लागलो. नेटवर खगोलशास्त्राचं मटेरियल ढिगानी आहे, पण त्यातलं बहुतेक युरोप-अमेरिकेच्या आकाशासाठी केलेलं. वर्कशीट उघडली की ध्रुवतारा मस्त उंचावर, सप्तर्षी कधी मावळत नाहीत वगैरे. आमच्याकडे ध्रुव क्षितिजापासून अठराएक अंशांवर, म्हणजे हात लांब करून दोन मुठी एकावर एक धरल्या की झालं, आणि उत्तरेला डोंगर असेल तर तेवढाही दिसत नाही, आणि सप्तर्षी तर सरळ मावळतात. अभिजित, श्रवण आणि हंसातला ठळक तारा यांचा त्रिकोण 'उन्हाळ्यात संध्याकाळी बघा' म्हणतात, आमच्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या संध्याकाळी, तो उगवलेलाच नसतो, तो आम्हाला निवांत बघायला मिळतो ऑक्टोबरात. आणि अगस्त्य! रात्रीच्या आकाशातला दोन नंबरचा ठळक तारा, फेब्रुवारीत दक्षिणेला झकास दिसतो, पण लंडन-पॅरिसवरून तो दिसतच नाही त्यामुळे त्यांच्या नकाशात त्याचा पत्ताच नाही. पोरगं विचारतं सर तो कोणता, आणि हातातल्या छापील कागदावर तो नाहीच.

स्टेलॅरियममध्ये एफ६ दाबून गाव टाकलं की हा सगळा घोळ संपतो. अक्षांश-रेखांश हातानी पण टाकता येतात, वाडीवस्तीचं नाव यादीत नसलं तरी अडत नाही. एकदा इन्स्टॉल केलं की नेटशिवाय चालतं, आमच्यासारख्या शाळेला हे फार मोठं आहे.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो दिवसाच्या आकाशाचा. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा घराघरात मृग लागला, पेरणी कधी, हेच चालू असतं. आठवीतल्या एकीनी विचारलं, मृग नक्षत्र लागलंय तर मग रात्री दिसत का नाही? फळ्यावर हे समजवायला मला दरवर्षी घाम फुटायचा. आता ७ जूनची तारीख टाकतो, दुपारची वेळ, आणि ए दाबतो. ए म्हणजे वातावरण बंद, निळं आकाश जाऊन भर दुपारी तारे दिसायला लागतात. सूर्य तिथे रोहिणी आणि मृगाच्या शेजारी बसलेला असतो. मृग लागला म्हणजे सूर्य तिथे गेला, मग तो दिसणार कसा, सूर्याबरोबरच उगवतो नि मावळतो. वर्गात 'हाऽऽ' असा जो आवाज आला ना, त्यासाठी मी अजून एक वर्ष हे सॉफ्टवेअर सहन करीन.

दुसरं, शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावली पडत नाही तो. महाराष्ट्रात हा दिवस वर्षातून दोनदा येतो पण पहिला मे महिन्यात, शाळेला सुट्टी, आणि दुसरा जुलै-ऑगस्टमध्ये, वर ढग. म्हणजे शाळेच्या पोरांना तो दिसू नये अशीच व्यवस्था आहे. स्टेलॅरियममध्ये तारीख एकेक दिवस पुढे सरकवत दुपारचा सूर्य नव्वद अंशांला कधी पोचतो ते पोरांनीच शोधून काढलं. काठी आणि सावलीचं काम मात्र खऱ्या उन्हातच करा, ते स्क्रीनवर काही उपयोगाचं नाही.

आता तक्रारी. शाळेतल्या जुन्या डेस्कटॉपवर चालू करताना ग्राफिक्सचा एरर येतो. विंडोजमध्ये मेसा मोडचा (ग्राफिक्स कार्डाशिवाय चालवायचा) शॉर्टकट असतो त्यानी उघडतं, पण इतकं रखडतं की पोरं तोवर गप्पा मारायला लागतात. सॅटेलाइटची माहिती नेटवरून ताजी केली नाही तर इंटरनॅशनल स्पेस स्टेशन भलत्याच वेळेला दाखवतं, त्यासाठी मी हेवन्स-अबव्ह साइटच वापरतो, तिथली वेळ आमच्याकडे बरोबर जुळते. आणि नावं. भारतीय आकाशसंस्कृतीचा पर्याय आहे, नक्षत्रं मिळतात, पण मराठी पुस्तकांतली शर्मिष्ठा, देवयानी, ययाती, वृषपर्वा ही मंडळी कोणत्या इंग्रजी नावाशी जुळतात याचा तक्ता मी करून भिंतीला चिकटवलाय, तो लागतोच. नावांसाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन फुकट आहे, भाषा जड आहे पण माहिती पक्की. यूट्यूबवर मराठीत ग्रह-राशी टाकून बघू नका, भविष्यवाले महाराज निघतात.

पण खरी अडचण ही की स्क्रीनवरचं आकाश खऱ्यापेक्षा देखणं आहे. पहिल्यांदा मैदानावर नेलं तर पोरं हिरमुसली, लॅपटॉपवर जास्त होते म्हणे. मग सेटिंगमध्ये प्रकाशप्रदूषण वाढवून गावातल्या दिव्यांइतकं केलं, तारे कमी झाले, आता जुळतं. लॅपटॉप फक्त वर्गात, बाहेर नाही, लाल नाइट मोड असला तरी नाही. फोनवरची आकाशाकडे धरायची ॲप्स पण मी बंद केली, बऱ्याच स्वस्त फोनमध्ये जायरोस्कोप (फोन कसा फिरतोय ते ओळखणारा सेन्सर) नसतो, फोन फिरवला तरी चित्र त्याप्रमाणे नीट हलत नाही, आणि जवळ लोखंडी खांब असला की होकायंत्र वाटेल ती दिशा दाखवतं.

बाहेर काय वापरतो तर १० बाय ५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण, दोन डोळ्यांची, भिंतीवर कोपर टेकवून. कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, चंद्रावरची विवरं, आणि हात स्थिर असेल तर गुरूचे चंद्र. शनीची कडी नाही दिसत, आधीच सांगून ठेवा. 'चारशे पट मोठं दाखवते' असं खोक्यावर छापलेला टेलिस्कोप कोणी शाळेला भेट देत असेल तर नम्रपणे पुस्तकं मागा, त्याचा स्टँडच हलत असतो.

आणि भिंतीवरचं कॅलेंडर, चेष्टा नाही करत. त्यात रोजचं चंद्रनक्षत्र, म्हणजे चंद्र ज्या नक्षत्रात आहे ते, छापलेलं असतं. चंद्र दिवसाला साधारण तेरा अंश सरकतो, ३६० भागिले २७ केलं की एका नक्षत्राच्या वाट्याला तेरा अंश वीस कला येतात. पोरांना रोज रात्री चंद्राजवळचा तारा वहीत काढायला लावला आणि सकाळी कॅलेंडरशी ताडून बघायला लावलं. काही दिवस जुळत नाही, तेव्हा का नाही यावर तास जातो. ज्यांच्या घरी आजी आहे ती पोरं यात पुढे आहेत हे पण सांगतो.

पुण्याजवळ असाल तर आयुकात (खगोलशास्त्राची संशोधन संस्था) शाळेच्या मुलांसाठी दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं असतात आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त तिथे लोकांना आत बघायला सोडतात. मुंबईकडच्यांना खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेचे वांगणीचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम आहेत. आम्हाला दोन्ही लांब, एसटीचा हिशोब करावा लागतो.

स्टार द्यायचेच तर पाचपैकी चार. एक कापला तो जुन्या मशीनसाठी. शाळेच्या कॉम्प्युटरवर टाकायचं असेल तर आधी एका मशीनवर उघडून बघा, सगळ्या लॅबमध्ये एकदम टाकत बसू नका, आणि इन्स्टॉलची फाइल पेनड्राइव्हवर जपून ठेवा.