सेकंडहँड डीएसएलआर: आठ महिने आणि एक काळा ठिपका

२४ मेगापिक्सेल, १८-५५ ची किट लेन्स वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडा. मला बोलायचंय फोटोच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातल्या ठिपक्याबद्दल.

सप्टेंबरात कासला गेलो. घरी लॅपटॉपवर बघतो तर प्रत्येक फोटोत, आभाळात त्याच जागी डाग. कॅमेरा ज्याच्याकडून घेतला त्याला फोन लावला. "माझ्याकडे होता तेव्हा नव्हता." सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाने कॅमेरा हातात न घेताच सेन्सर (आतली फोटो टिपणारी चकती) साफ करायचे १८०० सांगितले, वर "सेन्सरच बदलावा लागला तर वेगळे." अहो, अख्खा कॅमेरा १६,००० ला घेतलाय! उचलला आणि घरी आलो.

रागारागात भिंतीचेच फोटो काढले. एफचा आकडा, म्हणजे लेन्समधल्या उजेडाच्या छिद्राचं माप, बदलत गेलो: एफ/४ ला ठिपका गायब, एफ/८ ला पुसट, एफ/१६ ला ठसठशीत. म्हणजे सेन्सरवर धूळ बसलेली. छिद्र मोठं असलं की उजेड चहूकडून तिरका येतो आणि कणाची सावली विरून जाते; बारीक केलं की सावली पक्की पडते. आकडा मोठा म्हणजे छिद्र लहान, हे चार व्हिडिओ बघून डोक्यात शिरलं नव्हतं, ते धुळीच्या कणाने दहा मिनिटांत शिकवलं.

आता खरं सांगतो, कॅमेऱ्याला दोनच स्टार देणार होतो ते मागे घेतोय. "डोंगर-दऱ्या म्हणजे मोठा आकडा" असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून मी सगळं एफ/२२ वर काढत होतो. त्याने फोटो उलट मऊ, कमी रेखीव पडतो. शिवाय भर वाऱ्यात, पठारावर, कॅमेऱ्याचं तोंड आभाळाकडे करून लेन्स बदलणारा शहाणा मीच. हल्ली एफ/८ च्या पुढे सहसा जात नाही.

रबरी ब्लोअर २५० रुपयांना मिळाला. बॅटरी फुल्ल करायची, लेन्स काढायची, मेन्यूतून सेन्सरपुढचा आरसा वर घ्यायचा, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे, आणि आत नळी न घालता चार-पाच फुसके. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. ठिपका गेला. १५५० वाचले.

बाकी किरकोळ. लेन्स ५५ ला, म्हणजे पूर्ण झूमला नेली की सगळ्यात मोठं छिद्र एफ/३.५ चं एफ/५.६ होतं, त्यामुळे संध्याकाळी घरात आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२०० शिवाय भागत नाही आणि फोटोत रवा सांडल्यासारखा दिसतो. बॅटरी उत्तम. पट्टा मानेला काचतो.

ब्लोअर आता आईच्या शिलाई मशीनच्या खणात असतो. बॉबिनखालचा कापूस त्याने छान निघतो म्हणे. मला लागला तर मागून घ्यावा लागतो.