तामडा घोळवताना: रॉक टंबलरसोबतचे आठ महिने

आठ महिन्यांत या टंबलरमधून, म्हणजे खडे घोळवून गुळगुळीत करणाऱ्या यंत्रातून, तामड्याच्या (गार्नेटच्या खड्यांच्या) पाच खेपा काढल्या. पहिल्या दोन बिघडल्या, तिसरी बरी झाली आणि चौथीतले खडे मी अजून रोज हातात घेऊन बघतो. यंत्राबद्दल माझं मत चांगलंच आहे. पण ते तामड्याचं वजन गृहीत धरून बनवलेलं नाही, हे आधीच कळलं असतं तर दोन महिने वाचले असते.

यंत्र साधं आहे: फिरणाऱ्या दोन दांड्या, त्यांवर आडवा रबरी बॅरल, एका बाजूला मोटर आणि पट्टा. क्षमता तीन पौंड, म्हणजे साधारण १.३६ किलो, आणि त्यात पाणी, ग्रिट (खडे घासणारी कठीण पूड) सगळं आलं. सोबतच्या पत्रकात लिहिलंय, बॅरल दोन तृतीयांश भरा. गारगोटी किंवा अगेट असेल तर ते बरोबर आहे. गारगोटीचं विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच पाण्याच्या किती पट वजन) २.६५, लाल-जांभळा तामडा, म्हणजे अल्मंडाइन, चारच्या आसपास जातो. तेवढ्याच जागेत जवळपास दीडपट वजन. मी नजरेच्या अंदाजाने भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅरल जागच्या जागी थांबलेला, पट्टा घसरून काळी पूड पडलेली आणि मोटरला हात लावला तर चटका बसेल इतकी गरम. दोष यंत्राचा नव्हता, भरणं चुकलं होतं.

तेव्हापासून काटा हाताशी ठेवतो. आधी तामडा तोलून घ्यायचा, मग उरलेली जागा गारगोटीच्या बारीक खड्यांनी भरायची. कठीणपणा दोघांचा जवळपास सारखा (मोहस मापावर गारगोटी ७, अल्मंडाइन ७ ते ७.५), त्यामुळे एकमेकांना खात नाहीत आणि वजन आवाक्यात राहतं. भरणा फार कमी केला तर मात्र खडे घरंगळण्याऐवजी वरून आदळतात.

दुसरी खेप त्यामुळेच गेली. पॉलिश झाल्यावर खडे दिव्याखाली धरले, तर कडांवर नखाने दाबल्यासारख्या बारीक चंद्रकोरी दिसल्या. भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं, खडे एकमेकांवर आपटून पृष्ठभागाखाली तडे गेलेत. अशा खुणा पॉलिशने जात नाहीत, पुन्हा जाड ग्रिटपासून सुरुवात करावी लागते. शेवटच्या दोन टप्प्यांत मी आता प्लास्टिकचे मणी टाकतो. वजन वाढत नाही, आदळणंही थांबतं. मणी प्रत्येक टप्प्याचे वेगळे ठेवा, कारण ग्रिटचे कण त्यांत रुततात.

निवडीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो. तामडा बऱ्याचदा अभ्रकाच्या खडकातून येतो आणि अंगाला अभ्रकाचे पापुद्रे चिकटलेले असतात. ते मऊ; निघून गेले की मागे खाच राहते आणि खाचेत ६०/९० चा, म्हणजे सगळ्यात जाड ग्रिटचा, एखादा कण दडून बसतो. तोच कण पॉलिशच्या वेळी बाहेर पडला की अख्ख्या खेपेवर ओरखडे. म्हणून आता प्रत्येक खडा दिव्यासमोर धरून बघतो. भेगाळलेला सरळ बाजूला. बारा समभुज चौकोनांचे पैलू असलेला घडीव स्फटिक मिळाला, तर कृपा करून टंबलरमध्ये टाकू नका. निसर्गाने घडवलेल्या त्या कडा पहिल्याच आठवड्यात गोल होतात. तो जसा आहे तसाच ठेवावा.

टप्पे नेहमीचेच: सिलिकॉन कार्बाइड ६०/९०, मग १२०/२२०, मग ५००, शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइडची पॉलिश पावडर. पहिल्या टप्प्याला मला तीन आठवडे लागतात, दर आठवड्याला ताजं ग्रिट घालून, कारण जुनं तोवर झिजून पीठ झालेलं असतं. बाकीचे टप्पे आठवड्याचे. मधल्या धुण्यात घाई नको: बॅरल, झाकण, झाकणाची खोबण, सगळं ब्रशने घासायचं. पॉलिशसाठी मी दुसरा बॅरलच घेतला, तो खर्च मला सगळ्यात सार्थकी लागलेला वाटतो. टप्पा झाला की नाही ते खडा पूर्ण कोरडा करून बघा. ओला असताना प्रत्येक खडा चमकतोच.

उरलेला राखाडी गाळ मोरीत ओतू नका. नळीत तो सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्यायचा आणि खाली बसलेला ओलसर असतानाच कचऱ्यात टाकायचा. वाळून धूळ झाली तर ती श्वासावाटे जाते.

आवाज सततचा आहे, रात्रंदिवस. खाली जाड रबराची चटई घातल्यावर निम्मा कमी झाला, तरी झोपायच्या खोलीत ठेवण्यासारखं यंत्र नाही. पट्टा एकदा बदलला. बॅरल अजून गळत नाही. झाकण बसवण्याआधी कड कोरडी पुसली की झालं.

एक गोष्ट मला उशिरा उमगली. मोठा खडा घेतला की भारी वाटतं, पण जाड तामडा पॉलिश होऊन काळाच दिसतो, लाल रंग आतच अडकतो. वाटाण्याएवढे खडे घ्या. चौथ्या खेपेतला असा एक खडा परवा खिडकीशी चिमटीत धरला, तर माझ्या बोटावर लाल ठिपका पडला होता.