कंपन्यांची करिअर पेजेस: काही महिने अर्ज भरल्यावरचा अनुभव

नोकरी बदलायचं ठरवल्यापासून माझा मुक्काम करिअर पेजेसवरच आहे, कधी मोबाइलवर, कधी लॅपटॉपवर. पहिलं पान बघून कंपनीबद्दल जे मत होतं, ते अर्जाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत क्वचितच टिकतं.

तरी पहिल्या पानाचा प्रभाव पडतोच. पान ५० मिलिसेकंद दिसलं तरी ते देखणं आहे की नाही, हे लोक ठरवून टाकतात, असं गिट्टे लिंडगार्ड आणि सहकाऱ्यांच्या २००६च्या संशोधनात दिसलं होतं. आणि नोकरी शोधणाऱ्याकडे दुसरं असतं तरी काय? ऑफिस आतून पाहिलेलं नाही, बॉस कसा आहे ठाऊक नाही. अर्थतज्ज्ञ मायकल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडलं की मालकाला उमेदवाराची कुवत थेट दिसत नाही, म्हणून तो पदवीसारख्या खुणांवरून अंदाज बांधतो. आपण तेच उलट्या बाजूने करतो. जुनाट फॉन्ट आणि तुटलेली लिंक दिसली की कारभारही तसाच असेल, असं वाटून जातं. तर्क कच्चा आहे, हे कळतं. तरी माझा हात पुढच्या कंपनीकडे वळतो.

काचेवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवणारी फोटोंतली हसरी मंडळी आता मला दिसेनाशीच झाली आहेत, इतक्या साइट्सवर ती आहेत. कर्मचाऱ्यांचे व्हिडिओ मात्र बघते. त्यातही जो माणूस कामातला कंटाळवाणा भाग सांगतो, त्याच्यावर विश्वास बसतो.

खरी परीक्षा ‘अप्लाय’ दाबल्यावर. रंग बदलतात, लोगो आक्रसतो, पत्त्याच्या पट्टीत भलतंच नाव येतं. कारण साधं आहे: करिअर पेज बहुधा मार्केटिंगच्या देखरेखीखाली सजतं, अर्ज घेणारं सॉफ्टवेअर बाहेरून घेतलेलं असतं. मग प्रत्येक कंपनीसाठी नवं खातं, नवा पासवर्ड. रेझ्युमे अपलोड केला की तो वाचून रकाने आपोआप भरले जाणार असतात. दोन कॉलमचा रेझ्युमे असेल तर विचारू नका. जुन्या कंपनीचं नाव शिक्षणाच्या रकान्यात जाऊन बसतं. ते निस्तरेपर्यंत सेशन संपतं आणि लिहिलेलं सगळं गायब. एका फॉर्मने तर ‘काही माहिती अपूर्ण आहे’ एवढंच लाल अक्षरांत सांगितलं, कोणती ते शोधायचं काम माझ्यावर सोडून. असं झालं की वैताग सॉफ्टवेअर विकणाऱ्यावर निघत नाही. ज्या कंपनीचं नाव वर आहे, तिच्यावरच निघतो.

मोबाइलवर आणखी हाल. जन्मतारखेसाठी कॅलेंडर एकेक महिना मागे ढकलत न्यायचं! फिकट राखाडी अक्षरं हा दुसरा छळ. वेबच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि पार्श्वभूमीत किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट सांगितला आहे. मंद दिसणं ही फॅशन असेल, पण कमी दिसणाऱ्या उमेदवाराला ती दारातूनच परत पाठवते.

सगळ्यात चांगला अनुभव मला एका अगदी साध्या साइटवर आला. पांढरं पान, काळी अक्षरं. जागा कोणत्या टीमसाठी आहे, पगाराची रेंज, मुलाखतीच्या फेऱ्या, शेवटची तारीख, सगळं जाहिरातीतच. फॉर्म एका पानाचा, त्यात दोनच प्रश्न आणि दोन्ही कामाशी संबंधित. तिथून नकार आला, पण ठरलेल्या तारखेच्या आत आला. त्यांची पुढची जागा निघाली तर पुन्हा अर्ज करेन. देखण्या साइटच्या कंपन्या वाईट असतात असं म्हणायचं नाही; एका चकचकीत पोर्टलवर अर्धवट अर्ज आपोआप सेव्ह व्हायचा आणि तो लॅपटॉपवर सुरू करून मोबाइलवर पुरा करता यायचा. डिझाइनवर केलेला खर्च सार्थकी लागतो तो असा.

आता मी होमपेज आधी बघतच नाही. थेट जाहिरात उघडते, फॉर्मच्या पायऱ्या किती ते पाहते आणि पगाराचा उल्लेख शोधते. ‘अर्ज विचाराधीन’ या पानाचं काय करायचं, ते मात्र सुचलेलं नाही. जागा भरून गेली तरी ते तसंच राहतं. तिथे शेवटच्या बदलाची तारीख टाकली तरी पुष्कळ होईल.