कॅम्परचा फ्लोअर: फोमवाला सँडविच की सरळ पत्र्यावर प्लाय?

जुन्या व्हॅनचा कॅम्पर, म्हणजे आत झोपता येईल अशी फिरायची गाडी करायची, तर मॅटाडोर असो, ओम्नी असो नाहीतर जुनी ट्रॅव्हलर, मागच्या सीटा निघाल्या, मॅट उचललं आणि खाली नाळ्यानाळ्यांचा पत्रा दिसला की प्रश्न एकच, यावर प्लाय टाकायचा कसा. परदेशातले व्हिडिओ बघाल तर बहुतेक जण एकच करताना दिसतात, पत्र्यावर लाकडी पट्ट्या, पट्ट्यांच्या मधे एक्सपीएस फोम (थर्माकोलचा कडक, घट्ट भाऊ), वर 18 एमएम प्लाय आणि त्यावर विनाइल, हाच तो सँडविच. दुसरी पद्धत एकदम साधी. नाळ्यांच्या उंचवट्यांवर रबराच्या पट्ट्या चिकटवायच्या, त्यावर 12 एमएमचा मरीन प्लाय दोन-तीन तुकड्यांत बसवायचा आणि स्क्रूने धरायचा, बस. गाडी मुंबईत उघड्यावर उभी राहणार असेल तर माझं मत सरळ दुसऱ्या पद्धतीला आहे.

कारण पाणी. जुन्या गाडीच्या स्लायडिंग दरवाजाचं रबर, पुढच्या काचेचं रबर, वायपरच्या खालची जागा, कुठून ना कुठून जूनमधे पाणी आत येतंच, आणि नाही आलं तरी ओल्या चपला, छत्र्या आणि आपली दमट हवा आहेच की. सँडविचमधे हे पाणी फोमच्या खाली जाऊन बसतं. फोम स्वतः पाणी पीत नाही हे खरंय पण त्याच्या आणि पत्र्याच्या मधे जी ओल अडकते ती सुकायला वाटच नसते, वर सगळं चकाचक आणि खाली गंज चाललाय, आणि कळतं कधी तर गाडी वर घेतल्यावर डेंटरचा स्क्रूड्रायव्हर आरपार जातो तेव्हा. साध्या पद्धतीत नाळ्या मोकळ्या राहतात, कंपनीने दिलेली पाणी जायची भोकं बुजवायची नाहीत एवढं फक्त बघा, आणि पावसाळा संपला की तुकडे उचलून दोन दिवस वाळवा, पत्र्यावर गंजाचा ठिपका दिसला तर घासून रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंजरोधक प्रायमरचा, हात मारा, परत बसवा.

आता सँडविचच्या बाजूनेही बोलायला हवं. लडाख-स्पितीला थंडीत गाडीत झोपायचा प्लॅन पक्का असेल तर खालून येणारी थंडी हा खरा त्रास आहे, तिथे फोमचे पैसे वसूल होतात. आवाजही कमी होतो, फ्लोअर एका पातळीत येतो, पाय दिला की कुठे लचकत नाही. पण मुंबई-कोकण-घाट एवढंच फिरणार असाल तर आपला शत्रू ऊन आहे आणि ते येतं छतातून, फोम तिकडे लावा.

शिवाय उंची. 25 एमएम फोम अधिक 18 एमएम प्लाय म्हणजे 43 एमएम, जवळपास पावणेदोन इंच, ओम्नीत आधीच गुडघे छातीशी घेऊन बसायचं असतं तिथे हे पावणेदोन इंच जाणवतात. वजनाचंही तसंच, 8 बाय 4 चं 18 एमएम शीट साधारण 35 किलो भरतं आणि 12 एमएम 23-24 च्या आसपास, ओम्नीच्या 796 सीसीच्या इंजिनाला घाटात हा फरक कळतो, मॅटाडोरला त्या मानाने कमी.

प्लाय कुठला? कमर्शियल म्हणजे एमआर (फक्त दमटपणा सोसणारा), आयएस 303 या भारतीय मानकाचा, स्वस्त पडतो, पण तो घरातल्या कपाटासाठी आहे, इथे विषय संपला. मरीन म्हणजे आयएस 710, त्याच्या चिकटवणीची परीक्षाच 72 तास उकळत्या पाण्यात होते, किंमत दीडपट तरी समजा. शिक्का बघा, त्यावरचा सीएम/एल नंबर (आयएसआय मार्कचा लायसन्स नंबर) बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाकून बघा, कारण नुसतं 'मरीन' असं तोंडी सांगून काहीही विकलं जातं. तिसरा पर्याय लोक विसरतात तो म्हणजे बसमधे पायाखाली असतो तसला खडबडीत तपकिरी चेकर्ड प्लाय, बस-टेम्पोच्या बॉडीवाल्यांकडे चौकशी केली की मिळतो. ओल्या पायाने घसरत नाही, वर विनाइल लावायची गरज नाही. दिसायला मात्र एसटीत बसल्यासारखं वाटेल, मला चालतं, घरच्यांना विचारून घ्या. डब्ल्यूपीसी बोर्ड (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकचा) भिजत नाही म्हणून दुकानदार गळ्यात मारतो, पण मे महिन्यात बंद गाडी जी तापते त्यात तो मऊ पडतो, फुगतो, आणि स्क्रूही मरीन प्लायइतका धरत नाही. मी टाळीन.

कुठलाही घेतलात तरी कापलेल्या कडा आणि प्रत्येक भोक इपॉक्सीने किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशने दोन हात देऊन बंद करा. मरीन प्लायसुद्धा पाणी पितो तो कडेनेच.

बसवताना पूर्ण पीयू ग्लूवर चिकटवायचा मोह होतो, आवाज येत नाही, भोकं पाडावी लागत नाहीत. पण मग तो निघत नाही, आणि निघत नसेल तर वरचं सगळं पुराण वाया. एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) स्क्रू घ्या, नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात हवे त्या मापाचे मिळतात, सुताराकडचे काळे ड्रायवॉल स्क्रू इथल्या हवेत लगेच गंजतात. ड्रिल लावायच्या आधी गाडीखाली शिरून डिझेल-पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाईप, वायरिंग कुठून गेलंय ते खडूने मार्क करा, हे वेळखाऊ वाटलं तरी सोडू नका. शक्य तिथे सीटबेल्ट आणि सीटच्या जुन्या बोल्टचीच भोकं वापरा.

आणि एक मुंबईचाच मुद्दा, काम करणार कुठे? सोसायटीच्या कंपाउंडमधे जिगसॉ चालवलात की सेक्रेटरी खाली आलाच, आणि 8 बाय 4 चं शीट लिफ्टमधे मावत नाही. सँडविचला पट्ट्या, फोम, ग्लू सुकणं, परत मापं, काही दिवस गाडी उघडी ठेवायला जागा लागते. साध्या फ्लोअरला फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीत कापून टेम्प्लेट करा, तो घेऊन रे रोडला किंवा भायखळ्याच्या मुस्तफा बाजारात लाकूड-प्लायवाल्यांकडे जा, तिथेच कापून घ्या आणि तुकडे गाडीत टाकून घरी. फक्त पाऊस थांबल्यावर, दिवाळीनंतर वगैरे. जुलैत दमट प्लाय फिट मापाने बसवाल तर उन्हाळ्यात आकसून फटी पडतील, आणि मे मधे अगदी टाइट बसवाल तर पावसात फुगून उचलेल, म्हणून चारी बाजूंनी 4-5 एमएम गॅप ठेवाच.

सीटा कायमच्या काढणार असाल तर आरसी बुकातली सीटिंग कॅपॅसिटी बदलते, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मधे ते येतं, तेव्हा आधी आरटीओत विचारा. यातही काढता येणारा फ्लोअर बरा, सीटा परत लावाव्या लागल्या तर चार बोल्टांचं काम.